घटस्फोटाचा हुकूमनामा : कोर्टातला कागद कसा मिळवावा?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. म्हण खोटी नाही. भांडण घेऊन कोर्टात गेले की वेळ जातो, पैसा जातो आणि झोपही जाते. पण कोर्टात जाण्याचे दुसरेही एक कारण असते. कोर्टाने आपले प्रकरण कधीच निकाली काढलेले असते आणि त्याचा कागद मात्र आपल्या हाती नसतो. तो कागद आणायला गेलेच पाहिजे. तिथे पायरीला भिऊन कसे चालेल?

या पाठात आम्ही अशाच एका कागदाची माहिती देणार आहोत. तो कागद म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा. तो कोठे असतो, कसा शोधावा, त्याची नक्कल कशी मागावी आणि हाती आल्यावर काय वाचावे, हे आपण क्रमाने पाहू.

सोडचिठ्ठी वेगळी, हुकूमनामा वेगळा

नवराबायको वेगळे झाले की लोक म्हणतात, "तिची सोडचिठ्ठी झाली." कोणी म्हणते, "काडीमोड झाला." कोणी म्हणते, "फारकत घेतली." बोलताना हे सगळे शब्द सारखेच वाटतात. कायदा मात्र विचारतो, "कोर्टाचा हुकूम कोठे आहे?"

पूर्वी कित्येक जातींत पंच बसत. दोन्हीकडचे ऐकून घेत. काडी मोडली की लग्न मोडले, अशी रीत होती. काही जातींत तर लग्न मोडण्याची वाटच नव्हती. पुढे १९४७ साली मुंबई प्रांतात हिंदूंच्या घटस्फोटाचा कायदा झाला. १८ मे १९५५ पासून हिंदू विवाह कायदा लागू झाला. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख या सर्वांना तो लागू आहे. या कायद्याप्रमाणे घटस्फोट देण्याचा अधिकार कोर्टाला आहे.

आता समजा, चार माणसे बसली. स्टँप पेपर आणला. त्यावर लिहिले, "आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत." दोघांनी सह्या केल्या, अंगठे दिले, नोटरीचा शिक्काही घेतला. मग घटस्फोट झाला काय? नाही झाला. शिक्का कितीही मोठा असो, तो कोर्टाचा हुकूम नव्हे.

याला एक अपवाद आहे. ज्या समाजात रूढीने काडीमोड चालत आली आहे, त्या समाजाची ती रूढी १९५५ च्या कायद्याने मोडलेली नाही. आदिवासी जमातींना तर हा कायदा सर्वसाधारणपणे लागूच होत नाही. त्यांच्यात त्यांच्या रूढी चालतात. पण तंटा उभा राहिला तर आपली रूढी खरोखर आहे, हे कोर्टापुढे पुराव्याने दाखवावे लागते. अशा वेळी "आमचे लग्न मोडलेले आहे" असे कोर्टाकडून जाहीर करून घेता येते. तसा हुकूम झाला की त्याचीही नोंद कोर्टात राहते.

हा कागद लागतो कोठे?

"वेगळे होऊन दहा वर्षे झाली. आता कागद कशाला?" असे पुष्कळजणी विचारतात. त्याचे उत्तर आम्ही देतो.

पुन्हा लग्न करायचे झाले तर हा कागद लागतो. पहिले लग्न कायम असताना दुसरे केले, तर हिंदू विवाह कायद्याप्रमाणे ते दुसरे लग्न रद्द ठरते. शिवाय तो गुन्हा होतो. त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे.

पासपोर्टावरून नवऱ्याचे नाव काढायचे, रेशनकार्ड वेगळे करायचे, तर कागद मागतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोटित बाईने अर्ज केला तर कागद मागतात. सरकारी नोकरीत असलेल्या वडिलांच्या मागे घटस्फोटित मुलगी कुटुंब-पेन्शन मागते, तिलाही कागद मागतात. मुलांचा ताबा कोणाकडे, पोटगी किती, हेही कोर्टाच्या कागदातच लिहिलेले असते. पोटगी थकली तर वसुलीला तोच कागद पुढे करावा लागतो.

आणखी एक गोष्ट. नवरा नोकरीत असताना वारला. पेन्शनच्या खिडकीवर दोन बायका आल्या. पहिली म्हणते, "माझा घटस्फोट झालाच नाही." दुसरी म्हणते, "मला सांगितले होते, झाला म्हणून." दोघींचीही मुले लहान. अशा वेळी कोणाच्या रडण्यावर निकाल होत नाही. कोर्टात हुकूमनामा आहे की नाही, हे पाहिले जाते. म्हणून म्हणतो, हा शोध वेळेवर घ्यावा. लग्न जुळवतानाच घ्यावा. स्थळाकडचे लोक "पहिलीशी घटस्फोट झालाय" म्हणाले, तर "कागद दाखवा" म्हणण्यात लाज कसली?

दावा कोणत्या कोर्टात चालला?

कागद शोधायचा तर आधी कोर्ट सापडले पाहिजे. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अर्ज कोठेही करता येत नाही. त्याची ठिकाणे ठरलेली आहेत. शोधताना तीच ठिकाणे तपासावीत.

पहिले ठिकाण, जेथे लग्न लागले ते. दुसरे, अर्ज झाला तेव्हा सामनेवाला जेथे राहत होता ते. तिसरे, नवराबायको शेवटी जेथे एकत्र राहिले ते. चौथे, अर्ज बायकोने केला असेल तर त्या वेळी ती जेथे राहत होती ते. हे चौथे ठिकाण कायद्यात २००३ साली घातले. म्हणून त्याआधीच्या प्रकरणात पहिली तीन ठिकाणे धुंडाळावीत.

समजा, लग्न साताऱ्यात लागले. दोघे राहिली पिंपरीत. भांडणानंतर बाई माहेरी बार्शीला गेली. मग सातारा, पुणे आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत चौकशी करावी. नागपूरला जाण्याचे कारण नाही.

गाव कळले. आता तेथले कोर्ट कोणते? मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर अशा शहरांत कौटुंबिक न्यायालये आहेत. १९८४ च्या कायद्याने ती निघाली. लग्न, पोटगी आणि मुलांचा ताबा यांचीच प्रकरणे तेथे चालतात. जेथे कौटुंबिक न्यायालय नाही, तेथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टात घटस्फोटाचे अर्ज चालतात. कौटुंबिक न्यायालय निघण्यापूर्वीचा दावा असेल, तर तो दिवाणी कोर्टात मिळेल. दावा चालू असताना कौटुंबिक न्यायालय निघाले असेल, तर फाइल तिकडे गेलेली असते आणि तिला नवा नंबर पडलेला असू शकतो.

जिल्ह्यांची वाटणीही ध्यानात ठेवावी. नंदुरबार आणि वाशीम हे जिल्हे १९९८ साली झाले. हिंगोली आणि गोंदिया १९९९ साली झाले. पालघर २०१४ साली झाला. त्याआधीचे प्रकरण असेल तर जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणीही विचारावे. नंदुरबारसाठी धुळे, वाशीमसाठी अकोला, हिंगोलीसाठी परभणी, गोंदियासाठी भंडारा, पालघरसाठी ठाणे.

इतर धर्मीयांचे कायदे वेगळे आहेत. मुसलमान बाईला १९३९ च्या कायद्याप्रमाणे कोर्टाकडून लग्न मोडून घेता येते. तसा दावा झाला असेल तर त्याची नोंद कोर्टात मिळते. कोर्टाबाहेर दिलेल्या तलाकाची नोंद मात्र कोर्टात सापडणार नाही. एका दमात तीन वेळा उच्चारलेला तलाक तर २०१९ च्या कायद्याने रद्द आणि गुन्हा ठरला आहे. ख्रिस्ती लोकांसाठी १८६९ चा कायदा आहे. २००१ साली त्यात बदल झाला. त्याआधी जिल्हा कोर्टाने दिलेला घटस्फोटाचा हुकूम हायकोर्टाने कायम करावा लागे. म्हणून जुन्या प्रकरणात हायकोर्टातही चौकशी करावी. पारशी लोकांची विवाहाची कोर्टे वेगळी आहेत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने, म्हणजे नोंदणी पद्धतीने लग्न झाले असेल, तर त्याचाही घटस्फोट कोर्टातूनच होतो.

प्रकरणाचा नंबर

कोर्टात माणसाला नावाने ओळखत नाहीत, नंबराने ओळखतात. नंबर आणि साल सांगितले की कारकुनाचे काम निम्मे होते. म्हणून घरातले जुने कागद आधी काढा. ट्रंकेच्या तळाशी, पोथीच्या पिशवीत, गव्हाच्या डब्यामागे, जेथे असतील तेथून काढा. कोर्टाचे समन्स, वकिलाची नोटीस, पोटगीची पावती, तारखेची चिठ्ठी, यांपैकी एखाद्या कागदावर नंबर असतो. "हिंदू विवाह अर्ज क्रमांक अमुक, सन तमुक" असा तो लिहितात. कौटुंबिक न्यायालयात नंबराच्या आधी एखादे अक्षर असते. ते अक्षरही उतरून घ्या. अक्षर चुकले तर भलतीच फाइल निघेल.

कागद नसेल तर वकिलाला विचारा. वकील हयात नसेल तर त्याच्या कचेरीत विचारा. पुष्कळ वकील जुन्या प्रकरणांची वही ठेवतात.

तेही जमले नाही तर नावावरून शोध घेता येतो. आता कोर्टांच्या नोंदी संगणकात आहेत. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर आणि मोबाइलवरही त्या पाहता येतात. राज्य, जिल्हा आणि कोर्ट निवडायचे. मग पक्षकाराचे नाव आणि साल घालायचे. प्रकरण चालू आहे की निकाली, हेही निवडायचे. घटस्फोट झाला असेल तर "निकाली" निवडावे. प्रत्येक प्रकरणाला तेथे सोळा अक्षरांचा आणि आकड्यांचा एक नंबर असतो. त्याला सीएनआर नंबर म्हणतात. महाराष्ट्रातल्या प्रकरणाचा हा नंबर एमएच या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. तो एकदा सापडला की वहीत लिहून ठेवा.

नाव शोधताना एक युक्ती सांगतो. बाईचे नाव माहेरचे लिहिले असेल की सासरचे, हे सांगता येत नाही. दोन्ही पाहा. "लक्ष्मी", "लक्ष्मीबाई", "लक्षुमी" अशी सगळी रूपे पाहा. सापडले नाही तर नवऱ्याच्या नावाने पाहा. अर्ज करणाऱ्याचे नाव आधी आणि सामनेवाल्याचे नंतर असते. म्हणून दोन्ही बाजूंनी शोधावे.

मोबाइल जमत नसेल तर हरकत नाही. पुष्कळ कोर्टांत ई-सेवा केंद्र असते. तेथल्या माणसाला नाव आणि साल सांगितले की तो शोधून देतो. फार जुनी प्रकरणे संगणकात नसतात. त्यांची नोंद कोर्टाच्या जाड नोंदवहीत असते. निदान साल माहीत असेल तर ती वही पाहता येते. साल आठवत नसेल तर घरातल्या गोष्टींवरून जुळवा. "धाकटा तेव्हा पहिलीत होता." "त्या साली भूकंप झाला होता." लातूरचा भूकंप १९९३ चा. असे धागे धरले की साल निघते.

नक्कल कशी मागावी?

मूळ फाइल कोर्ट कोणाला घरी देत नाही. आपल्याला मिळते ती नक्कल. तिचे दोन प्रकार आहेत. एक साधी. ती नुसती वाचायला बरी. दुसरी सहीशिक्क्याची. तिला प्रमाणित प्रत म्हणतात. सरकारी कामाला ही दुसरीच लागते. मोबाइलवर दिसणारा किंवा छापून घेतलेला निकाल माहितीपुरता असतो. त्याच्यावर कोर्टाची सही नसते.

कोर्टात नक्कल शाखा असते. तेथे अर्ज द्यावा लागतो. अर्जावर कोर्ट फी स्टँप लावतात. अर्जात चार गोष्टी नीट लिहाव्यात. प्रकरणाचा नंबर आणि साल. दोन्ही पक्षकारांची नावे. निकालाची तारीख. आणि कोणकोणत्या कागदांच्या नकला हव्यात ते. सोबत आपल्या ओळखपत्राची प्रत ठेवावी.

"घटस्फोटाचा कागद द्या" एवढेच म्हणू नका. कागद एक नसतो. निकालपत्र असते, त्यात न्यायाधीशांनी कारणे लिहिलेली असतात. हुकूमनामा असतो, त्यात हुकूम थोडक्यात असतो. दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला असेल तर संमतीच्या अटींचा कागद असतो. पोटगी, दागिने, घर, मुले यांविषयी काय ठरले ते त्यात असते. संमतीने घटस्फोट घेण्याची ही सोय कायद्यात १९७६ साली आली. म्हणून निकालपत्र, हुकूमनामा आणि अटी असतील तर त्या, असे तिन्ही कागद मागा.

नकलेची फी पानांवर ठरते. ती भरली की पावती घ्या. पावती नाही, तर पैसा नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. कोर्टाच्या आवारात "मी काढून देतो" म्हणणारे भेटतात. त्यांच्या हाती पैसे देऊ नका. खिडकी तुमच्यासाठीच आहे.

फाइल जुनी असेल तर ती रेकॉर्ड रूममधून काढावी लागते. त्याला दिवस लागतात. नक्कल तयार झाली की तिच्यावर अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख लिहितात. या तारखा शोभेच्या नसतात. अपील करायचे असेल तर नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात. म्हणून तारखा बरोबर पडल्या की नाहीत, ते तेथेच वाचून घ्या.

आणखी एक हक्क पुष्कळांना माहीत नसतो. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे घटस्फोटाचा हुकूम झाला की कोर्टाने त्या हुकूमनाम्याची एक प्रत नवऱ्याला आणि एक प्रत बायकोला फुकट द्यायची असते. कायद्याच्या तेविसाव्या कलमात हे लिहिलेले आहे. निकालाच्या वेळी ती प्रत मागून घ्यावी. पुढे जास्त प्रती लागल्या किंवा पहिली हरवली, तर फी भरून घ्याव्यात.

कोणालाही नक्कल मिळते काय?

नाही. नवराबायको यांना मिळते, त्यांच्या वकिलांना मिळते. तिऱ्हाइताला नक्कल हवी असेल तर कारण लिहून द्यावे लागते आणि कोर्टाची परवानगी लागते. मुलगा आईच्या मागे वारसाहक्कासाठी मागतो, तर तो कारण दाखवू शकतो. शेजाऱ्याला नुसती गंमत पाहायची आहे, हे काही कारण नव्हे.

घटस्फोटाच्या प्रकरणात घरातल्या नाजूक गोष्टी असतात. म्हणून हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अशी प्रकरणे बंद दाराआड चालतात. तेथे काय झाले ते छापून प्रसिद्ध करण्याला बंदी आहे. ही बंदी आपल्याच अब्रूसाठी आहे. तेव्हा नक्कल मिळाली म्हणून तिचा फोटो गावभर मोबाइलवर पाठवू नये.

स्थळाची चौकशी करणाऱ्यांनी काय करावे? त्यांनी नक्कल कोर्टातून काढण्याची खटपट करण्यापेक्षा ज्याचा घटस्फोट झाला त्यालाच सहीशिक्क्याची प्रत दाखवायला सांगावे. त्याला ती सहज मिळते. तो टाळाटाळ करू लागला तर आपण शहाणे व्हावे.

काहीजण माहितीच्या अधिकारात अर्ज करतात. तो अधिकार मोठा आहे. पण कोर्टाच्या फाइलीतल्या नकलांसाठी कोर्टाच्या नियमांप्रमाणेच अर्ज करावा, असा निर्णय सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये दिला आहे. म्हणून सरळ नक्कल शाखेत जावे.

नोंद सापडली नाही तर?

खिडकीवरचा माणूस कधी कधी म्हणतो, "नाही सापडत." तोंडी "नाही" घेऊन परत येऊ नका. अर्जावर लेखी शेरा मागा. मग पुढचे ठिकाण शोधा. अपील झाले असेल तर फाइल वरच्या कोर्टात गेलेली असते. काही कागद ठरावीक वर्षांनी नियमाप्रमाणे नष्टही करतात. पण नोंदवहीतली नोंद किंवा दुसऱ्या पक्षाकडची प्रत यांचा धागा मिळू शकतो. म्हणून एका फेरीत निराश होऊ नये.

सगळीकडे शोधूनही नोंद नसेल, तर एक कटू गोष्ट लक्षात घ्यावी. कदाचित घटस्फोट झालेलाच नसेल. नवऱ्याने स्टँप पेपर दाखवून बाईला घरी पाठवले असेल. मग ती बाई कायद्याने आजही बायको आहे. तिचा पोटगीचा हक्क गेलेला नाही. वारसाहक्कही गेलेला नाही. वर्षानुवर्षे "मी सोडलेली" म्हणून मान खाली घालून जगणाऱ्या बाईला ही गोष्ट कोर्टाच्या नोंदवहीवरून कळते.

उलटही घडते. बाईला काहीच माहीत नसते आणि कोर्टात घटस्फोट झालेला निघतो. समन्स चुकीच्या पत्त्यावर गेले, ती हजर झाली नाही आणि निकाल एकतर्फी लागला. अशा वेळी रडत बसायला वेळ नसतो. समन्स नीट बजावले नसेल, तर निकाल कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. म्हणून ज्या दिवशी कळले ती तारीख लिहून ठेवावी आणि लगेच वकील गाठावा.

वकिलाला पैसे कोठून आणायचे? बाईला कायद्याने फुकट वकील मिळतो. तिचे उत्पन्न किती, हे पाहत नाहीत. १९८७ च्या कायद्याने ही सोय झाली आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येते. निकाल इंग्रजीत असेल आणि समजत नसेल, तर तोही तेथे वाचून घ्यावा.

कागद हाती आल्यावर

नक्कल मिळाली की घडी घालून पिशवीत टाकू नका. तेथेच बाकावर बसा आणि वाचा.

नावे बरोबर आहेत काय? एखादे अक्षर चुकले असेल तर कोर्टाला अर्ज करून दुरुस्त करून घेता येते. अशी लिहिण्यातली चूक कोर्टाला केव्हाही दुरुस्त करता येते. मग शेवटचा हुकूम वाचा. "विवाह विच्छेदित करण्यात येत आहे" किंवा "घटस्फोट मंजूर" अशा अर्थाचे शब्द हवेत. "अर्ज नामंजूर" असेल तर घटस्फोट झालेला नाही. "अर्ज काढून घेतला" असेल तरी झालेला नाही. नुसते वेगळे राहण्याची परवानगी देणारा हुकूमही असतो. तोसुद्धा घटस्फोट नव्हे. तेवढ्यावर दुसरे लग्न करता येत नाही.

हुकूम घटस्फोटाचा असला तरी दुसऱ्या दिवशी बोहल्यावर चढू नये. हिंदू विवाह कायद्याने अपिलासाठी नव्वद दिवसांची मुदत दिली आहे. ती मुदत अपील न होता संपली पाहिजे, किंवा अपील झाले असेल तर ते फेटाळलेले असले पाहिजे. मगच दुसरे लग्न करता येते. अपील झाले आहे की नाही, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

कागदाच्या तीन-चार झेरॉक्स काढा. कचेरीत झेरॉक्स द्या, मूळ प्रत नुसती दाखवा. मूळ प्रतीवर प्लॅस्टिक चिकटवून घेऊ नका. शिक्का हाताला तपासता आला पाहिजे. आणि प्रकरणाचा नंबर, साल व कोर्टाचे नाव घरातल्या वहीत लिहून ठेवा. कागद पुरात गेला, वाळवीने खाल्ला, तरी त्या एका ओळीवरून पुन्हा नक्कल मिळेल.

अर्जाचा नमुना

कोर्टात छापील अर्ज मिळत असेल तर तोच भरावा. नसेल तर असा लिहावा.

मे. ............ न्यायालय, ............ यांजकडे

अर्जदार : ............ राहणार ............

विषय : सहीशिक्क्याच्या नकला मिळण्याबाबत.

अर्ज करते की, हिंदू विवाह अर्ज क्रमांक ...... सन ...... यात मी पक्षकार आहे. सदर अर्जाचा निकाल दिनांक ............ रोजी झाला आहे. मला पुढील कागदांच्या सहीशिक्क्याच्या नकला द्याव्यात.

१. निकालपत्र
२. हुकूमनामा
३. संमतीच्या अटी (असल्यास)

नकलेची फी भरण्यास तयार आहे.

दिनांक ............ सही ............

हा नमुना आपल्या वहीत दोनदा लिहून काढा. रिकाम्या जागा भरून पाहा. खाली सही करा. ज्यांना अंगठा देण्याची सवय आहे, त्यांनीही या वेळी सहीच करावी. ज्या बाईच्या लग्नाचा आणि फारकतीचा निर्णय आजवर इतरांनी तिला वाचून दाखवला, तिने आता आपला हुकूमनामा आपल्या डोळ्यांनी वाचावा. त्यात काय लिहिले आहे हे तिला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज राहू नये, एवढ्यासाठीच हा पाठ आहे.